डंखाची सवय आणि पेटीचा त्याग

मधमाशा पाळणाऱ्या मंडळींत एक समजूत फार दृढ झालेली आहे. ती अशी कीं, माशीच्या डंखाची शरीरास हळूहळू सवय होते. आज ज्याचा हात सुजतो त्याला उद्यां कांहीं वाटत नाहीं. आणि जो डंखाला भिऊन पेटी सोडतो तो या धंद्यास मुळांतच लायक नव्हता. या समजुतीचा पहिला भाग पुष्कळांच्या बाबतींत खरा आहे. शेवटचा भाग मात्र अगदीं खोटा असून प्रसंगीं तो प्राणघातक ठरतो. आम्हीं स्वतः आठ वर्षें सातेरी माशांच्या पेट्या सांभाळून गेल्या वर्षीं त्या सोडून दिल्या. त्याचें कारण अनेकांनीं विचारलें, कांहींनीं थट्टाही केली. म्हणून या विषयावरील आमचें मत स्पष्टपणें मांडणें आम्हांस इष्ट वाटतें.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांनाच आम्हीं दोन पेट्यांनीं आरंभ केला. पुढें त्या सहा झाल्या. हेतु मधापेक्षां कांद्याचें बीं धरण्याचा होता. कांद्याच्या फुलांत पराग आधीं मोकळा होतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो; त्यामुळें एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कोणी नसेल तर गोंडे दिसावयास भरदार, पण आंत बीं थोडें, अशी स्थिति होते. तें नेण्याआणण्याचें काम माशी विनामूल्य करते. या कामांत वर्षाकांठीं आठदहा डंख ठरलेलेच असत व तेवढी जागा सुजे. गेल्या वर्षीं पावसाळा संपल्यावर पेट्या तपासतांना मानेवर एकच डंख बसला. पांच मिनिटांत तळहात खाजूं लागले, सर्वांगावर गांधी उठल्या, घसा आवळला आणि डोळ्यांपुढें अंधारी आली. मुलगा जवळ होता, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यांत वेळेवर पोंचलों. मांडींत ॲड्रेनलिन टोंचल्यावर श्वास मोकळा झाला. पुढचा डंख याहून भारी पडूं शकेल, असें डॉक्टरांनीं बजावलें. त्याच आठवड्यांत आम्हीं पेट्या दुसऱ्याच्या हवालीं केल्या.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. डंखानंतर जागा दुखणें, लाल होणें, फार तर दोनतीन दिवस सगळा हात सुजून राहणें, हा विषाचा नेहमींचा परिणाम होय. त्यास कोणीं भिऊं नये. परंतु डंख बोटाला आणि गांधी पोटावर, डंख पायाला आणि घरघर छातींत, असें झालें म्हणजे प्रकार निराळा समजावा. येथें इजा विषाच्या मात्रेनें होत नसून शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारानें होते. पूर्वीच्या डंखांमुळें शरीर त्या विषाविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करून ठेवतें. पुढें तेंच विष पुन्हां अंगांत शिरलें कीं हिस्टामिनसारखीं द्रव्यें एकदम सुटतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो व श्वासमार्ग आवळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ चार्ल्स रिशे व पॉल पोर्तिए यांनीं १९०२ सालीं हा प्रकार प्रथम नांव देऊन मांडला. समुद्रांतील एका प्राण्याच्या विषाची पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेला कुत्रा, कांहीं आठवड्यांनीं दिलेल्या त्याहून लहान मात्रेनें थोड्याच मिनिटांत मेला. या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ‘इतकीं वर्षें कांहीं झालें नाहीं, आतां काय होणार?’ असें म्हणणाऱ्यांनीं हा कुत्रा ध्यानांत ठेवावा.

मग सवय होते ही गोष्ट सर्वस्वीं खोटी काय? तसें नाहीं. वर्षांत शेंकडों डंख खाणाऱ्या मोठ्या मधपाळांत हा विकार कमी आढळतो, कारण सतत मिळणाऱ्या विषानें त्यांच्या रक्तांत दुसऱ्या जातीचें, संरक्षण करणारें प्रतिद्रव्य वाढतें. वर्षांत थोडेच डंख बसणाऱ्या मधपाळांत मात्र हा विकार अधिक सांपडतो. येथेंच आपल्या वाचकांचा संबंध येतो. आपल्यापैकीं बहुतेक जण शेतीला जोड म्हणून चारसहा पेट्या ठेवणारे. चार महिने पावसाळ्याचे खंड पडणारे. म्हणजे सवयीचा लाभ न मिळणारे आणि विकाराचा धोका मात्र पत्करणारे. मोठ्या मधपाळाचा अनुभव लहान मधपाळास लागू करणें हें बागाइताची पैसेवारी जिराइतास लावण्यासारखें आहे. आणि एकदां सर्वांगावर परिणाम दिसल्यावर आणखी डंख खाऊन सवय लावूं पाहणें ही तर आत्मघाताचीच वाट होय.

कोणी म्हणतील, जाळी व हातमोजे घालून काम करावें, खिशांत पित्ताच्या गोळ्या ठेवाव्या, म्हणजे झालें. जाळीनें डंख कमी होतात. बंद होत नाहींत. कपड्याच्या चुणींत शिरलेली एक माशी पुरेशी असते. गोळीनें खाज शमते, पण आवळलेला घसा आणि उतरलेला रक्तदाब तिला आवरत नाहीं. तें काम ॲड्रेनलिनचें आहे, आणि तें वेळेवर मिळालें तरच. विषाच्याच सूक्ष्म मात्रा क्रमाक्रमानें टोंचून शरीरास सहनशील करण्याचा एक उपचार आहे व तो बऱ्याच रोग्यांस गुणकारी ठरतो. परंतु तो तीन ते पांच वर्षें चालतो आणि सर्व साधनें असलेल्या रुग्णालयांतच करावा लागतो. ज्यास तें शक्य असेल त्यानें मोठ्या शहरांतील तज्ज्ञाकडे अवश्य चौकशी करावी. इतरांनीं पेटी सोडावी हेंच शहाणपणाचें.

पेटी सोडणें म्हणजे माशी सोडणें नव्हे. आम्हीं दिलेल्या पेट्या गांवांतच, आमच्या वाफ्यांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आंत एका तरुण शेतकऱ्याकडे आहेत. सातेरी माशी एवढें अंतर सहज उडते. आमच्या कांद्यावर ती आजही येते. फुलावर बसलेली माशी, ती हाताखालीं किंवा पायाखालीं चिरडली नाहीं तर सहसा डंख मारीत नाहीं. तिचा खरा राग पोळें राखतांना, पेटीच्या दारापाशीं असतो. तेव्हां पायांत जोडे घालावे, फुलोऱ्याच्या वेळीं वाफ्यांतलें काम दुसऱ्याकडे सोंपवावें आणि पेटीपासून दूर राहावें. खातेदार बदलला म्हणजे फेरफार नोंदवितात. जमीन कोठें जात नाहीं. पेट्यांचाही असाच फेरफार करावा: मध नव्या धन्याचा, परागसिंचनाचा लाभ दोघांचा, आणि दुष्काळी दिवसांत साखरेच्या पाकाचा खर्च वांटून. असें ठरविलें तर मधपाळ निवृत्त होतो, पण शेताचें नुकसान होत नाहीं.

पेट्या देतांना वाईट वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. चौकट उचलतांना हाताला लागणारें वजन आणि नव्या राणीचीं पहिलीं अंडीं दिसल्यावर होणारा आनंद ज्यानें अनुभविला आहे, त्यालाच हें कळेल. पण घरच्या माणसांचा आपल्यावरील हक्क पेटीच्या हक्काहून मोठा आहे.

हल्लीं या धंद्याकडे नवीन मंडळी वळत आहेत. २०२२ सालीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, तेव्हांपासून इतर गांवांतही उत्साह दिसतो. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. म्हणूनच आपल्या संघानें पुढील गोष्टी मनावर घ्याव्या, अशी आमची सूचना आहे.

पहिली : पेटी देतांना प्रत्येक सभासदास एक लहान नोंदवही द्यावी. तींत डंखाची तारीख, जागा व झालेला परिणाम लिहावा. सूज डंखाच्या जागेपुरतीच राहिली कीं अंगभर गांधी उठल्या, एवढें लिहिलें तरी पुरे. ज्याच्या वहींत दुसरा प्रकार उमटेल त्यास डॉक्टरांकडे गेल्याशिवाय पेटीस हात लावूं देऊं नये.

दुसरी : एकट्यानें पेटी उघडूं नये. सोबत्यास पुढील गोष्टी ठाऊक असाव्या. नांगी त्वचेंत रुतून राहते व तिची पिशवी विष सोडीतच असते. म्हणून ती नखानें, बोटानें, जशी निघेल तशी तत्काळ काढावी. लोखंड घासण्यांत किंवा चुना शोधण्यांत वेळ दवडूं नये. चक्कर आल्यास रोग्यास आडवें निजवून पाय उंच करावे. उठवून चालवूं नये. दम लागत असल्यास टेकून बसूं द्यावें. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस अगर जवळच्या वाहनास लगेच बोलवावें. बरें वाटलें तरी दवाखान्यांत कांहीं तास राहावें, कारण लक्षणें पुन्हां उलटतात.

तिसरी : आपल्या टापूंतील आरोग्य केंद्रांत ॲड्रेनलिन नेहमीं शिल्लक असतें कीं नाहीं, याची विचारणा संघानें फुलोऱ्याच्या हंगामापूर्वीं लेखी करावी. औषध स्वस्त आहे. उणीव असते ती आठवणीची. रक्तदाबासाठीं ‘बीटा ब्लॉकर’ जातीची गोळी घेणाऱ्या मधपाळांनीं आपल्या डॉक्टरांस पेट्यांची माहिती द्यावी, कारण त्या गोळीमुळें ॲड्रेनलिनचा गुण कमी येऊं शकतो. मात्र गोळी आपल्या मनानें बंद करूं नये.

चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची : ज्यास पेटी सोडावी लागली त्याची थट्टा होऊं नये. थट्टेच्या भीतीनें माणूस अंगावरच्या गांधी लपवितो व पुन्हां पेटीवर जातो. अशा माणसाचा अनुभव संघानें वायां घालवूं नये. राणी केव्हां बदलावी, फुलोरा कोठें आहे, मेणकिडा कसा ओळखावा, हें तो दुरूनही सांगूं शकतो.

निरोगी माणसानें या लेखानें घाबरून पेटीचा विचार सोडूं नये. असा विकार थोड्यांसच होतो. परंतु ज्याच्या शरीरानें एकदां स्पष्ट इशारा दिला, त्यानें तो सरकारी नोटिशीप्रमाणें मानावा. नोटिशीची मुदत टळूं दिली तर पुढें काय होतें, हें खातेदारांस आम्हीं सांगावें असें नाहीं.