भोसरी-चाकणच्या प्रेसशॉप मालकांना खुलं पत्र

मालकहो,

‘सीएसआर मोठ्या कंपन्यांनी करावं,’ असं तुम्ही म्हणता. कायद्याने ते बरोबर आहे. कंपनी कायदा, 2013 चं कलम 135 लागू व्हायला 500 कोटींचं नक्त मूल्य, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा लागतो. वीस-पंचवीस माणसांच्या तुमच्या शेडला दोन टक्क्यांचं बंधन नाही. तरी गणपतीची वर्गणी, शाळेला वह्या, गावच्या देवळाला फरशी हे सगळं तुम्ही करताच. करा. माझं मागणं शेडच्या आतलं आहे.

प्रेसवर एका हाताने पत्रा सरकवायचा, पायाने पेडल मारायचं. बाराव्या तासाला हातापायाचा मेळ चुकतो आणि बोटं जातात. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, हात आत असेल तर सेन्सरने प्रेस थांबावा, ही सोय काही आजची नाही. जुना पिन-क्लचचा प्रेस स्ट्रोक सुरू झाल्यावर मध्येच थांबत नाही. तिथे सेन्सर शोभेचा, डायभोवती गार्डच हवा. खरं दुखणं वेगळंच आहे. सेन्सर असतो, पण नग कमी निघतात म्हणून बायपास केलेला. आणि खंडेनवमीला त्याच प्रेसला आपण हार घालतो!

दहा माणसं झाली की ईएसआय आलं. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारामागे मालकाचा वाटा 3.25 टक्के. तरी कंत्राटदाराच्या पोरांची नोंद कधी होते? अनेकदा बोट गेल्यावर, दवाखान्यात नेता नेता. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या ‘क्रश्ड’ अहवालांतून हे वर्षानुवर्षं सांगते आहे.

तुमचीही कोंडी आहे, मान्य. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. तरी तुमचे पैसे रखडवणारी बडी कंपनी वर सीएसआरचे गुळगुळीत फोटोही छापते. तिच्याशी संघटना म्हणून भांडा, थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पण तिच्या उधारीची किंमत लातूरहून किंवा बिहारहून आलेल्या ऑपरेटरकडून वसूल करू नका.

येत्या गुरुवारच्या सुट्टीत प्रत्येक प्रेसपाशी स्वतः जा आणि बायपासची वायर काढायला लावा. शुक्रवारी पहिली पाळी सुरू होण्याआधी कंत्राटदाराकडून ईएसआयच्या नोंदींची यादी मागवा. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला त्या दिवशी प्रेसवर उभं करू नका.

आपला,
एक हितचिंतक