काळ्या छताखालून

आमची वसाहत बांधणाऱ्या यंत्रणेचे मुख्य अधिकारी यांस,

महोदय,

नागपूरच्या उन्हाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको, आणि आमच्या चार अर्जांचीही. दोन पावसाळे छत गळलं म्हणून तुम्ही गच्चीवर काळं डांबरी आवरण अंथरलंत. गळती थांबली, हे मान्य. पण तेव्हापासून दर उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आमच्या 16 घरांची भट्टी होते आहे.

काळं डांबर अंगावर पडलेलं जवळपास सगळं ऊन शोषून घेतं. खालचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री घरात सोडतो. गेल्या नवतप्यात रात्री 11 वाजता मी छताला आतून थर्मामीटर टेकवला : 44 अंश. बाहेर तेव्हा 34 होते. पंखा लावला की छताजवळची तीच हवा अंगावर येते. माझी आई 78 वर्षांची आहे. फरशीवर पाणी शिंपडून, ओला पंचा पोटावर घेऊन ती निजते. पहाटे तीनला पंचा वाळून कडक झालेला असतो. मे महिन्यात आम्हाला 412 युनिट पडले. खालच्या मजल्यावर तेवढ्याच खोल्यांत, तशाच कूलरवर 236. हा फरक छताचा आहे आणि त्याचे पैसे आम्ही भरतो.

‘गळत नाही ना आता, मग तक्रार कसली?’ असं तुमच्या कार्यालयात आम्हाला ऐकवलं गेलं. घराचं छत फक्त पावसासाठी असतं का? आजोबांच्या कवेलूच्या घरात फटींतून गरम हवा वर निघून जायची. मातीच्या भिंती दुपार बाहेरच थोपवायच्या. तुम्ही बांधलेल्या घरात ऊन अडवणारं काहीच नाही. केंद्राच्या इको निवास संहितेनं 2018 सालीच छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली : आतबाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे 1.2 वॅट. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत घेतो. संहिता नव्या इमारतींसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. पण जुन्या इमारतीतली माणसं वेगळ्या हाडामांसाची नसतात. शेजारच्या तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं धोरण आणलं, 300 चौरस किलोमीटर छतांचं उद्दिष्ट ठेवलं. आम्ही एक गच्ची मागतो आहोत.

त्या डांबरावर उन्हाळ्याआधी पांढरा परावर्तक लेप द्या. ताजा लेप बहुतेक ऊन परत फेकतो. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कोब्याखाली उष्णतारोधक थर घाला. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे काढा, चौकटींच्या फटी बुजवा. दुपारची झळ तिथूनच आत शिरते.

नवतपा 25 मेच्या सुमाराला लागतो. त्याआधी एकदा दुपारी दोनला आमच्या गच्चीवर या आणि मग रात्री अकराला माझ्या आईच्या खोलीत बसा. दार उघडं ठेवतो.

वरच्या मजल्यावरचा एक रहिवासी