माझी ड्रीम टीम, आणि पावणेदोन एकराचा प्रश्न

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा संध्याकाळी टपरीवर चार-पाच पोरं मोबाइलात डोकी घालून बसली होती. एकानं विचारलं, "काका, तुमी टीम लावली का?" आपल्याकडं हे वाक्य गेली काही वर्षं रोज ऐकू येत होतं. टीम लावणं म्हणजे ॲपवर अकरा नावं निवडायची, एकोणपन्नास रुपये टाकायचे आणि रात्रभर पॉइंट मोजायचे. २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा जरा थंडावलं. पण सवय कुठं जाते? आता पैशाविना लावतात, निदान मला तरी तसंच सांगतात.

मी म्हटलं, लावतो. पण क्रिकेटची नाही, फुटबॉलची. आणि आजची नाही, आजवरच्या साऱ्या जगाची. एक अट माझी: निवडताना फळ पाहणार नाही, खुंट पाहणार.

माझा धंदा कलमांचा, हे तुम्हाला माहीत आहे. शेंदूरजन्याची कलमं कुठं कुठं जातात तेही माहीत आहे. गिऱ्हाईक येतं, पानं बघतं, उंची बघतं, भाव करतं. खाली जंबेरीचा खुंट कसा आहे, डोळा कुठल्या झाडाचा भरला, हे दहातला एखादाच विचारतो. आणि पाच-सात वर्षांनी बाग बसली की मग रडतो. खेळाडूचंही मला तसंच वाटतं. म्हणून प्रत्येक नावापुढं मी एकच प्रश्न लावला. हा कुठून आला, आणि तिथं त्याला खेळायला काय होतं?

गोलकीपर लेव्ह याशिन. मॉस्कोचा. महायुद्धाच्या काळात पोरवयातच कारखान्यात कामाला लागला. कारखान्याच्या टीमकडून खेळता खेळता वर आला. १९६३ चा बॅलन डी'ओर त्याला मिळाला, आणि तो मिळवणारा गोलकीपर आजवर तो एकटाच.

बचावात उजवीकडे काफू. याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझं फुटबॉलचं वेड याच्यापासून सुरू झालं. ३० जून २००२, रविवार. जपानमध्ये फायनल, आपल्याकडे दुपारचे साडेचार. आमच्या गल्लीत केबल एकाच घरी. मृगाचा पाऊस पडून गेलेला, बाहेर चिखल आणि आत वीस-पंचवीस माणसं. ब्राझीलनं जर्मनीला २-० हरवलं. मग कॅप्टन काफू कप घेऊन त्या छोट्या चौथऱ्यावर चढला. त्याच्या जर्सीवर काहीतरी खरडलेलं होतं. कुणालाच वाचता आलं नाही. कित्येक वर्षांनी कळलं, तिथं लिहिलं होतं '१००% जार्डिम इरेन'. जार्डिम इरेन म्हणजे साओ पावलोच्या कडेची गरीब वस्ती, जिथं तो वाढला. साऱ्या जगाचे कॅमेरे आपल्यावर आहेत, हातात वर्ल्डकप आहे, आणि गडी वस्तीचं नाव अंगावर घेऊन उभा आहे. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं सांगत नाही.

मध्ये फ्रान्झ बेकनबाउअर आणि फ्रान्को बारेसी. बेकनबाउअर म्युनिकच्या कामगार वस्तीतला. १९७४ ला कप्तान म्हणून वर्ल्डकप जिंकला, १९९० ला प्रशिक्षक म्हणून. बारेसी शेतकऱ्याच्या घरचा, ट्राव्हाग्लिआटो नावाच्या गावचा. इंटर मिलाननं लहानखुरा म्हणून परत पाठवला. शेजारच्या एसी मिलाननं घेतला आणि तो शेवटपर्यंत तिथंच खेळला. डावीकडे पाओलो माल्दिनी. आता इथं तुम्ही मला पकडाल. माल्दिनीचा बाप स्वतः एसी मिलानचा कप्तान होता, म्हणजे खुंटच राजवाड्यातला. कबूल. पण मी गरिबीची टीम काढत नाही. चांगल्या खुंटावर चांगलं झाड येतं यात लाज काय? उलट माझं म्हणणंच ते आहे.

मधल्या फळीत लुका मॉड्रिच. क्रोएशियाच्या डोंगरातलं गाव, लहानपणी शेळ्यांमागं फिरलेला. १९९१ च्या युद्धात आजोबा मारले गेले, कुटुंब निर्वासित होऊन झादर शहरात हॉटेलात राहिलं. तिथल्या पार्किंगमध्ये हा पोरगा बॉल मारायचा. किरकोळ अंगाचा म्हणून एका मोठ्या क्लबानं यालाही नाकारलं होतं. २०१८ ला बॅलन डी'ओर त्याच्या हातात होता. त्याच्याजवळ इनिएस्ता. २०१० च्या फायनलमध्ये ११६ व्या मिनिटाला गोल मारणारा. त्याचं गाव फुएन्तेअल्बिया, वस्ती दोन हजारांच्या आसपास. मंडळी, आपलं शेंदूरजना त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. फरक एवढाच की जवळच्या अल्बासेते शहरात क्लब होता आणि त्या क्लबात पोरांची टीम होती. तिसरा मॅराडोना. त्याच्याबद्दल लिहायला लागलो तर ही पोस्ट संपायची नाही. व्हिया फिओरितोची धूळ, एवढंच लिहितो.

पुढच्या फळीत गारिंचा, पेले आणि मार्ता.

गारिंचाचे दोन्ही पाय वाकडे होते, तेही एकाच बाजूला. आपल्याकडं असा पोरगा शाळेत असता तर त्याला पी.टी.च्या तासाला सावलीत बसवलं असतं. तो पाऊ ग्रांदे या कापड गिरणीच्या गावचा. गिरणीची स्वतःची फुटबॉल टीम होती, गारिंचा गिरणीत कामाला होता आणि त्या टीमकडून खेळायचा. पेले आणि तो दोघं एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकही सामना हरलं नाही. एकही नाही.

मार्ताचं नाव घेतल्याबरोबर टपरीवर गोंधळ झाला. "काका, पोरगी कायले घेतली? आन् मेस्सीले बाहेर?"

घेतली, कारण वर्ल्डकपमध्ये तिचे १७ गोल आहेत. पाच वेगवेगळ्या वर्ल्डकपमध्ये गोल करणारी ती पहिली खेळाडू, पुरुषांतही तिच्याआधी कुणी केलेलं नव्हतं. ती ब्राझीलच्या दोइस रिआचोस नावाच्या कोरडवाहू भागातल्या लहान गावची. त्या देशात १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला बंदी होती. मार्ता जन्मली १९८६ ला, म्हणजे कायदा गेला होता पण गाव तेच होतं. पोरांच्यात एकटी पोरगी खेळायची म्हणून बोलणी खायची. मेस्सी माझा बारावा. मॅराडोनाची जागा रिकामी नाही त्याला मी काय करू? भांडायचं असेल त्यानं कमेंटमध्ये भांडावं.

मग एका पोरानं विचारलं, आणि खरं तर या प्रश्नासाठीच मी ही पोस्ट लिहायला बसलो. "काका, यात आपला कोन हाय?"

मी म्हटलं, राखीव खेळाडूंमध्ये एक आहे. नेव्हिल डिसूझा. मूळ गोव्यातल्या आसगावचा, खेळला मुंबईत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात याचे तीन गोल. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही यानंच मारला होता. तो सामना हरलो आणि शेवटी चौथे आलो. चौथे, जगात! पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली की मी पुड्या सोडतोय. एकानं तिथंच मोबाइलवर शोधलं, मग गप्प झाला.

गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कप्तान होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. त्यांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं. म्हणजे मराठी माणसाला फुटबॉल जमत नाही ही थाप आहे. आणि कोल्हापूर लांब वाटत असेल तर नागपूर घ्या. विजय बारसे सरांनी २००१ साली पावसात पोरांना फुटक्या बादलीशी खेळताना पाहिलं आणि त्यांच्या हातात बॉल दिला. त्यावर नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला, तो आपण सगळ्यांनी पाहिला, शिट्ट्या मारल्या आणि घरी आलो.

आपला जिल्हाही काही खेळात अडाणी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली होती. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून क्रिकेट खेळला आहे. मग वरुड पट्ट्यातल्या पोरांनी काय घोडं मारलं?

यादी पुन्हा वाचा. याशिनला कारखान्याची टीम, गारिंचाला गिरणीची, इनिएस्ताला शेजारच्या शहरातला क्लब, मॉड्रिचला काही नाही तर हॉटेलचं पार्किंग. खेळायला जागा कुणाची तरी, कशी तरी होतीच. आपल्या पोराला जगातले अकरा जण पाठ आहेत, पण गावात दोन्हीकडे गोलपोस्ट रोवलेली एक जागा दाखव म्हटलं तर तो पुलाच्या कठड्यावरून उठत नाही. तोच कठडा त्याचं मैदान.

मला माहीत आहे, आता कोण काय म्हणणार. "संत्र्याले भाव नाई, बोअर कोरडे पडून राह्यले, आन् याले फुटबॉल सुचते." बरोबर आहे. मलाही आंबिया गळाला की झोप लागत नाही, मीही हजार फुटांच्या बोअरचे पैसे फेडतोय. पण भाव नाही म्हणून पोरानं पाच ते नऊ कठड्यावर बसावं, हा कुठला हिशोब? बाप कर्जात आणि पोरगा एकोणपन्नास-एकोणपन्नास करून ॲपमध्ये, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणाचं नाव घेत नाही. घरोघरी माहीत आहे.

हिशोबच करायचा तर हा करा. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर. म्हणजे पावणेदोन एकराच्या आसपास. सहा बाय सहा मीटरवर लावली तर जवळपास दोनशे संत्र्याची झाडं. इतकीच जागा. तेवढी एकगठ्ठा मिळत नसेल तर सात-सात जणांच्या खेळाला निम्मीही पुरते. आजूबाजूला लेआउट पडतात. लेआउट मोठा असला की दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, कायद्यानं. नकाशात ती असते, हिरव्या रंगात. प्रत्यक्षात तिथं कुणाची रेती, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाच्या लग्नाचा मंडप. मी कुणा एकाला दोष देत नाही. आपणच कुणी विचारलेलं नाही. प्लॉट घेताना आपण सातबारा बघतो, रस्ता बघतो, नळ बघतो. ओपन स्पेस कुठं आहे हे मीसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि मैदान झालंच तर संध्याकाळचा एक तास मुलींचा. यावर मी वाद घालणार नाही. मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपची फायनल २०२२ ला नवी मुंबईत झाली, आपल्याच राज्यात. आपल्या गावातल्या किती पोरींनी ती पाहिली, जरा घरी विचारा.

सध्या एवढंच ठरलं आहे. बाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेवर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सात-आठ जण जातोय. दगडं वेचायची, काटेरी झुडपं काढायची. चुना माझ्याकडे आहे. चार बांबू लागतील, जाड आणि सरळ. मांडववाल्यांपैकी कुणी देत असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. बॉल त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरानं आणायचं कबूल केलं आहे. पंप तेवढा कुणाकडे असला तर बघा.