कडू रस आणि मधुमेह

एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, मामंजींनीं मधुमेहाच्या गोळ्या सोडून कारल्याचा व दुधीचा रस धरला आहे. वडील माणसास अडवावें कसें? हा प्रश्न एकाच घरचा नाहीं, म्हणून उत्तर येथेंच देतों.

वनस्पतींत गुण नाहीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मेटफॉर्मिन या सर्वत्र दिल्या जाणाऱ्या गोळीचें मूळ युरोपांतील गॅलेगा या वनस्पतींत आहे. परंतु नुसता पाला उकळून भागलें नाहीं. तिच्यांतील द्रव्य ओळखून त्यासारखें सौम्य औषध घडविलें गेलें, आणि १९५७ सालीं फ्रान्समध्यें झां स्टर्न यांनीं रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. मात्रा ठरली, हेंच त्या श्रमाचें फळ.

आतां आपल्या परसांत पाहूं. मेथीच्या दाण्यांतील बुळबुळीत तंतु आंतड्यांत साखरेचें शोषण मंद करतो; मेथी जेवणांत अवश्य असावी. गुडमारचें पान चावल्यास कांहीं वेळ साखर गोड लागत नाहीं. पण जिभेवरची गोडी गेली म्हणून रक्तांतली साखर गेली असें नव्हे. कारल्यावरील प्रयोग लहान असून त्यांचे निष्कर्ष जुळत नाहींत; भाजी म्हणून तें खुशाल खावें. दुधीचा रस मात्र कडू लागतांच टाकून द्यावा. तो कडूपणा विषाचा असतो, व त्यानें रक्ताच्या उलट्या होऊन माणसें दगावलीं आहेत. कडू तें गुणकारी, ही समजूत येथें घात करते. आणि कारल्याच्या कडूपणांत दुधीचा कडूपणा लपून जातो, हें अधिकच वाईट.

मधुमेह दुखत नाहीं. म्हणूनच तो गेलासा वाटतो. डोळे, मूत्रपिंडें व पाय यांची हानि मात्र निमूटपणें चाललेली असते.

तेव्हां, भगिनी, मामंजींशीं वाद घालूं नये. रस व गोळ्या यांची हकीकत या आठवड्यांतच डॉक्टरांस सांगावी, आणि रक्त तपासून आलेला आंकडा त्यांच्याच हातीं द्यावा. गोळी कमी करणें तें डॉक्टरांनीं करावें. कारण गोळ्यांवर असे रस चढविल्यास साखर फाजील उतरून घाम, कंप व भोवळही येऊं शकते. भात आणि गोडधोड मात्र साऱ्या घरानेंच आवरावें. एकट्या वडिलांच्या पानांतलें काढून घेणें बरें दिसत नाहीं, आणि टिकतही नाहीं.