तापमानाचा आकडा कोणाच्या हाती?

सातारा-सांगलीच्या मातीला यंत्रांची ओळख नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कराडजवळच्या ओगलेवाडीची काच आणि प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचले. १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, तेच आजचे वालचंद महाविद्यालय. आज कृष्णाकाठचे साखर कारखाने, दूध प्रकल्प आणि फाउंड्र्या यांचा सारा व्यवहार तापमानाच्या आकड्यावर चालतो. तो आकडा पॅनेलपर्यंत आणणाऱ्या लहानशा उपकरणाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते उपकरण म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा सिग्नल कन्व्हर्टर.

त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. पीटी-१०० सेन्सरमधील प्लॅटिनमचा विद्युतरोध ० अंशाला १०० ओहम, तर १०० अंश सेल्सिअसला सुमारे १३८.५ ओहम असतो. ‘के’ प्रकारचे थर्मोकपल अंशामागे जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट देते. असा क्षीण संकेत मोटारी आणि केबलींच्या गर्दीतून दूरवर नेला, तर तो वाटेतच बिघडतो. म्हणून कन्व्हर्टर सेन्सरजवळच त्याचे रूपांतर ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात करतो. पूर्वी प्रत्येक सेन्सरसाठी आणि प्रत्येक मापनकक्षेसाठी वेगळे उपकरण लागे. आता संगणक जोडून एकच उपकरण हवे तसे ठरवून घेता येते. सुट्या भागांचा साठा कमी होतो, ही सोय मोठीच आहे.

परंतु या सोयीबरोबर जबाबदारीही येते. कन्व्हर्टर ० ते १०० अंशांसाठी ठरवला आणि पॅनेलवर कक्षा ० ते १५० राहिली, तर काय होईल? दूध प्रत्यक्षात ४८ अंशांवर असताना पॅनेल ७२ दाखवील. पाश्चरीकरणासाठी ७२ अंश तापमान १५ सेकंद टिकावे लागते. म्हणजे कच्चेच दूध निर्धोक समजून पुढे जाईल, आणि कोणतेही यंत्र बिघडलेले नसेल! सेन्सरची तार तुटली तर आकडा वर जावा की खाली, हेही आपणच ठरवायचे असते. भट्टीवर तो वर गेला तर उष्णता बंद होते. खाली गेला तर नियंत्रक अधिकच उष्णता देत राहतो. दूध पुढे सोडणाऱ्या झडपेवर नेमके उलटे गणित लागू पडते.

हा निर्णय प्रक्रिया जाणणाऱ्यानेच घ्यायला हवा. उपकरण बसवून जाणाऱ्या बाहेरच्या तंत्रज्ञावर तो सोपवून निश्चिंत राहणे म्हणजे घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती देण्यासारखे आहे. प्रत्येक कारखान्याने आपल्या कन्व्हर्टरांची नोंदवही ठेवावी. तीत सेन्सरचा प्रकार, कक्षा, तार तुटल्यास मिळणारा संकेत आणि कॅलिब्रेशनची तारीख असावी. साखर कारखान्यांनी गळीत हंगामापूर्वी ही तपासणी आपल्याच माणसांकडून करून घ्यावी. त्यासाठी आयटीआय आणि पदविका शिक्षण घेणाऱ्या स्थानिक तरुणांना प्रत्यक्ष उपकरणे हाताळू द्यावीत.

स्वदेशीचा विचार करताना वस्तू कुठे बनली, एवढाच प्रश्न आपण विचारतो. ती चालवण्याचे ज्ञान कोणाकडे आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. उपकरण विकत घेता येते. ते जाणणारा माणूस आपल्यालाच घडवावा लागतो.