रुग्णवाहिका अनेक, साखळी मात्र एक हवी

पावसाळ्यातील रात्र. देवलापारच्या वनपट्ट्यातील एखाद्या खेड्यात जमिनीवर झोपलेल्या शेतमजुरास मण्यार डसते. मण्यारीचे विष श्वसनाचे स्नायू लुळे पाडते. अशा वेळी प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाचीही गरज पडू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाची सोय होते. पण प्रकृती ढासळली की नागपूरच्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ची वाट धरावी लागते. रामटेकहूनही हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. या वाटेवर रुग्णाचे प्राण कोणाच्या हाती असतात, हा खरा प्रश्न आहे.

साधनेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवण्याच्या संकल्पासह. गरोदर माता व अर्भकांसाठी १०२ क्रमांक आहे, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आहे. यांखेरीज खासगी रुग्णालये, धर्मादाय संस्था, देवस्थाने यांच्या गाड्या आहेत. उणीव आहे ती समन्वयाची. एका गावात दोन गाड्या उभ्या असतात आणि शेजारच्या गावातील रुग्ण ट्रॅक्टरवरून नेला जातो. कारण एकाची हाक दुसऱ्याच्या कानी जात नाही.

याचा काही दोष समाजाकडेही येतो. रुग्णवाहिकेचे लोकार्पण थाटात होते, देणगीदाराचे नाव ठळक रंगविले जाते. पुढे चालकाचे वेतन आणि डिझेलचा खर्च यांची तरतूद नसल्याने तीच गाडी आवारात गंजत पडते. दानाचा आनंद एका दिवसाचा असतो, सेवेचे व्रत मात्र रोजचे असते.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक तालुक्यातील सर्व रुग्णवाहिकांची एकच सूची असावी, ती दरमहा पडताळावी आणि १०८ च्या नियंत्रण कक्षाशी जोडावी. दुर्गम गावातून स्थानिक गाडीने रुग्णास घेऊन निघावे व अर्ध्या वाटेवर डॉक्टर असलेल्या गाडीच्या स्वाधीन करावे. रुग्ण पोहोचण्यापूर्वी त्याची अवस्था रुग्णालयास कळावी. आणि गावोगावी काही तरुणांना रक्तस्राव थांबविणे, मोडलेले हाड स्थिर ठेवणे, छातीवर दाब देऊन हृदयक्रिया चालू ठेवणे एवढे तरी शिकवावे.

कायदाही आता मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तास सद्भावनेने साह्य करणाऱ्यास संरक्षण दिले. २०२५ साली अधिसूचित झालेल्या योजनेत अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची तरतूद झाली. तरीही ‘पोलिसांचा ससेमिरा नको’ म्हणून बघे दूर उभे राहतात. ही भीती घालविण्यास कार्यकर्त्यांनी घरोघरी जायला हवे.

समाजाने हे काम अंगावर घेतले तर शासन आपली जबाबदारी झटकेल, असा आक्षेप काही जण घेतील. तो निराधार नाही. औषधे, डॉक्टर, नियंत्रण कक्ष हे शासनाचेच कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाल्यास जाब विचारलाच पाहिजे. परंतु जो समाज स्वतः जागा असतो, त्याच्याच प्रश्नाला धार असते. समाजाचे सहकार्य म्हणजे शासनास दिलेली सुटी नव्हे.

१९२६ च्या रामनवमीस रामटेकच्या यात्रेत गर्दीची व्यवस्था लावण्यासाठी संघाचे स्वयंसेवक उभे राहिले होते. त्यांच्यापाशी ना निधी होता, ना वाहने. होती ती शिस्त आणि एकमेकांच्या हाकेला ओ देण्याची सवय. आज त्याच रामटेकच्या परिसरात वाहने आहेत, दूरध्वनी आहेत, कायदा आहे. ती सवय पुन्हा अंगी बाणली, तर त्या शेतमजुराची रात्र उजाडेल.