विमान कंपनी बदलायची तर कॅप्टनला काय काय सोडावं लागतं?

समजा, एक कॅप्टन आहे. वय ४२, एअरबस ए३२० उडवण्याचा हजारो तासांचा अनुभव, मुंबईत घर, मुलगी नववीत. दुसऱ्या विमान कंपनीची ऑफर आली, पगारही जास्त. आयटीतला माणूस असता तर दोन-तीन महिन्यांत नव्या ऑफिसात दिसला असता. या कॅप्टनला मात्र वर्षभर थांबावं लागू शकतं.

कारण डीजीसीएचा २०१७ चा नियम. कॅप्टनसाठी नोटीस पिरियड १२ महिने, को-पायलटसाठी ६ महिने. जुनी कंपनी राजी झाली, तरच त्याआधी सुटका. पायलट संघटनांचा याला विरोध आहे आणि हे प्रकरण कोर्टातही गेलं आहे.

कंपन्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. २०२३ मध्ये 'अकासा एअर'चे ४३ पायलट नोटीस पिरियड पूर्ण न करताच गेले. नव्या, छोट्या कंपनीला हा धक्का मोठा होता. उड्डाणं रद्द झाली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्या रद्द विमानांची तिकिटं ज्यांच्या खिशात होती, त्यांचा या भांडणाशी काहीच संबंध नव्हता.

पण एक वर्ष म्हणजे विमान व्यवसायात फार मोठा काळ. आज ऑफर देणारी कंपनी तेव्हा कुठे असेल? 'जेट एअरवेज' एप्रिल २०१९ मध्ये थांबली, 'गो फर्स्ट' मे २०२३ मध्ये.

पगाराचा आकडा फसवा असतो

पायलटच्या पगारात ठरावीक तासांचे पैसे हमखास मिळतात, त्यावरच्या उड्डाणांचे वेगळे. त्यामुळे 'महिन्याला किती?' यापेक्षा 'हमी किती तासांची?' हा प्रश्न महत्त्वाचा. एअर इंडियात विलीन होण्याआधी 'विस्तारा'ने हीच हमी ७० तासांवरून ४० तासांवर आणली. एप्रिल २०२४ च्या सुमारास पायलट नाराज झाले, अनेकांनी आजारपणाची रजा टाकली आणि कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली.

आणि मग सिनिऑरिटी

सगळ्यात अवघड भाग हाच. बेस कुठला, दिवाळीची सुट्टी कोणाला, मोठ्या विमानाच्या ट्रेनिंगला आधी कोण, यातलं बरंच काही सिनिऑरिटीच्या यादीवर ठरतं. कंपनी बदलली की साधारणपणे नाव यादीच्या तळाशी जातं. अनुभव सोबत येतो, नंबर येत नाही. हा नंबर किती जिवाचा असतो, हे २०१२ मध्ये दिसलं. इंडियन एअरलाइन्समधून आलेल्या पायलटनाही ड्रीमलायनरचं ट्रेनिंग देणार म्हटल्यावर एअर इंडियाच्या जुन्या पायलटनी ५८ दिवस संप केला होता.

ए३२० वरून बोइंग ७३७ वर जायचं असेल तर नवं टाइप रेटिंग हवं. म्हणजे पुन्हा वर्ग, सिम्युलेटर, परीक्षा. या खर्चापोटी कंपन्या बाँड लिहून घेतात. सह्या करायच्या घाईत हा कागद नीट वाचला जात नाही.

आखाताचं आकर्षण वेगळंच. तिथे पगारावर आयकर नाही, विमानं मोठी. भारतीय पायलटना परदेशी कंपन्या ओढून नेतात, अशी तक्रार भारताने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे केली, त्यासाठी आचारसंहिता हवी असंही म्हटलं. पायलटांच्या बाजूने पाहिलं तर देशात १२ महिन्यांची साखळी आणि बाहेर आचारसंहिता, मग आमच्या हातात काय?

डिसेंबर २०२५ मध्ये 'इंडिगो'ची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा पायलटची विश्रांती हा सगळ्या देशाचा विषय झाला. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. कंपनीचं मनुष्यबळाचं गणित चुकलं आणि तिला काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली.

आपल्या कॅप्टनसाठी यात एक खूण आहे. ऑफर लेटरवर पगार असतो, रोस्टर नसतं. महिन्यात किती रात्री, सलग किती पहाटेची उड्डाणं, सुट्टी ऐनवेळी रद्द होते का, हे आत काम करणाऱ्या ओळखीच्या पायलटलाच विचारावं लागतं. भारतात प्रवासी विमान वयाच्या ६५ पर्यंत उडवता येतं. म्हणजे त्याच्यापुढे अजून २३ वर्षं आहेत, आणि मुलीची दहावी नोटीस पिरियडच्या ऐन मध्यात येते आहे.